काय उजेड पाडला!

धाराशिव जिल्ह्यात ज्या गोष्टीची टंचाई आजवर कुणी जाहीर केलेली नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ऊन. पाण्याची टंचाई होते, चाऱ्याची होते, एके काळी रॉकेलची होत असे. पण उन्हाचा टँकर कुठल्या गावाला लावावा लागल्याचं ऐकिवात नाही. मार्च ते जून तर इतका उजेड असतो, की माणसं डोळे किलकिले करूनच एकमेकांना ओळखतात. अशा मुलखात फोटो काढायला वेगळा, विकतचा, पिशवीतून न्यायचा उजेड लागावा हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण जरा विचार केला की ध्यानात येतं, फोटो काढण्यासारखं जे काही माणसाच्या आयुष्यात घडतं ते बहुतेक अंधारात घडतं. बारसं माजघरात, लग्न गोरज मुहूर्तावर, वरात मध्यरात्री आणि गोंधळ पहाटेपर्यंत. भर उन्हात काय घडतं? नांगरट आणि तहसील कचेरीपुढची रांग. त्यांचे फोटो आल्बमात लावण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

म्हणून फ्लॅश. आपल्या भाषेत ‘काय उजेड पाडलास?’ हा प्रश्न कौतुकाने विचारला जात नाही, हे मॅट्रिकच्या निकालाला सामोऱ्या गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फ्लॅशवाल्या फोटोग्राफरांनी हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षं शब्दशः ऐकून घेतला. त्यांचा इतिहास म्हणजे उजेड पाडण्याचा इतिहास, आणि तो कसा पडत गेला हे सांगण्यासारखं आहे.

या इतिहासाचा पहिला मानकरी पॅरिसचा नादार. 1861 साली त्याने शहराखालच्या भुयारांत हाडांचे ढीग रचलेले होते तिथे कॅमेरा नेला. बॅटऱ्यांवर चालणारे विजेचे दिवे लावले. पण एकेका फोटोला 18 मिनिटं लागत. कुठलाही जिवंत कामगार 18 मिनिटं न हलता उभा राहीना, म्हणून नादारने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. पुतळे उभे करून काम जोरात चालू आहे असं दाखवण्याची युक्ती पुढे जगभर किती लोकप्रिय झाली, हे कुठल्याही कचेरीत डोकावलं तर दिसेल.

मग आलं मॅग्नेशियम. शाळेत विज्ञानाचे मास्तर चिमट्यात धरून पेटवून दाखवत ती पांढरीशुभ्र जळणारी फीत. 1864 साली मँचेस्टरमध्ये तिच्या उजेडात माणसांचे फोटो काढले गेले आणि पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ नावाचे खगोलशास्त्रज्ञ ती फीत घेऊन थेट इजिप्तच्या पिरॅमिडच्या पोटात शिरले. फोटो निघाले, पण या धातूची एक खोड आहे. उजेड एक क्षण देतो आणि पांढरा धूर बराच वेळ. पहिल्या फोटोनंतर दुसऱ्या फोटोत धूर तेवढा छान येई.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. 1948 सालापर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव मिळालं तेही शेवटच्या निजामावरून, आणि ते सरकारदरबारी पुन्हा धाराशिव झालं 2023 साली. या राज्याचे दरबारी छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ केलं. एका फोटोग्राफरला राजा करणारं सरकार त्यानंतर पुन्हा झालं नाही. आताची सरकारं फार तर ओळखपत्र देतात. दीनदयाळांनी हैदराबादेत 1892 साली पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला एका इंग्रज बाईंची नेमणूक केली. पण त्या काळचा स्टुडिओ म्हणजे काचेच्या तावदानांतून येणाऱ्या दिवसाउजेडाचा कारभार. सूर्य आला नाही तर राजेसाहेबांनाही सुट्टी.

त्याच राज्यात, धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात धाराशिवची लेणी आहेत. जेम्स बर्जेस हे पुराणवस्तू खात्याचे साहेब 1875-76 च्या हंगामात आमच्या भागात फिरले आणि 1878 साली त्यांनी बिदर-औरंगाबाद भागाचा मोठा अहवाल छापला, त्यात ही लेणी आहेत. मधल्या मोठ्या लेण्यात दारातून दहा पावलं आत गेलं की उजेड उंबऱ्यावरच चप्पल काढून बसल्यासारखा मागे राहतो. अशा जागी साहेबांच्या काळात मोजपट्टी आणि पेन्सिल हाच भरवशाचा कॅमेरा होता.

खरी धमाल उडाली 1887 साली. मीथ आणि गेडिके या दोन जर्मनांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट मिसळलं. हे क्लोरेट काड्यापेटीच्या गुलात असतं, यावरून काय झालं असेल ते ओळखा. धडाम आवाज, डोळे दिपवणारा लोळ, धुराचा ढग आणि फोटो. त्याला त्यांनी नाव दिलं ‘ब्लिट्झलिश्ट’, म्हणजे विजेचा लखलखाट. ही पूड घेऊन न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांत रात्री-बेरात्री शिरणारा पहिला बहाद्दर म्हणजे जेकब रीस, डेन्मार्कहून आलेला एक बातमीदार. आधी तो पिस्तुलासारख्या यंत्रातून पूड उडवी. मध्यरात्री अनोळखी माणूस खोलीत येऊन पिस्तूल रोखतो म्हटल्यावर लोक खिडकीतून पळत. मग त्याने पिस्तूल सोडून दांड्याचा तवा घेतला. तव्याला कोण भितं? या नादात त्याने दोनदा घर पेटवलं आणि एकदा स्वतःलाही. पण 1890 साली त्याचं पुस्तक निघालं आणि एका खोलीत डझनभर माणसं कशी झोपतात हे सुखवस्तू न्यूयॉर्करांना प्रथम दिसलं. त्यातली एक बदनाम वस्ती पुढे पाडली गेली आणि 1897 साली तिथे बाग झाली. उजेड पाडणं ते हे.

आमच्याकडे पुडीचा फ्लॅश आला तो सधन घरांच्या लग्नांत. आजोबा सांगत, की फोटोवाल्याने पूड उडवली की नवरदेवाचं घोडं एका दिशेला आणि करवल्या दुसऱ्या दिशेला जात. फोटोत जे उरे त्याला लग्नाचा फोटो म्हणत. आमच्या आजोबांच्या पिढीतले सगळे पुरुष फोटोत इतके करारी का दिसतात याचं कारण स्वभावात शोधू नये. बार उडणार हे कळल्यावर माणूस दात आवळतोच.

पुडीला काचेत बंद केलं 1929 साली, पुन्हा जर्मनांनीच. बल्बच्या पोटात अॅल्युमिनियमचा चुरगळलेला पातळ पत्रा आणि प्राणवायू. वीज दिली की आतल्या आत भडका, ना धूर ना धडाका. गैरसोय एवढीच, की एक बल्ब एकदाच. फोटोवाला फोटो काढण्याआधी नवऱ्यामुलाच्या बापाकडे बघे, बाप खिशाकडे बघे आणि मग ठरे. जळून काचेवर फोड आलेले ते बल्ब गोळा करायला आम्ही पोरं टपलेली असू. एका फोटोमागे एक गोटी अशी ती आवक होती.

हा बापांवरचा भार उतरवला अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे प्राध्यापक हॅरल्ड एजर्टन यांनी. 1931 च्या सुमाराला त्यांनी विजेच्या लखलखाटाचा दिवा कॅमेऱ्याला जोडला. तत्त्व सोपं आहे. बॅटरीची वीज थेंबाथेंबाने एका कपॅसिटरमध्ये साठवायची आणि वायू भरलेल्या नळीतून ती एका दमात सोडायची. आपली पगाराची पद्धत नेमकी हीच: महिनाभर साठतं आणि एक तारखेला सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतं. एजर्टननी या दिव्याने दुधाचा थेंब पडताना उठणारा मुकुट टिपला आणि 1964 साली सफरचंदातून आरपार जाणारी बंदुकीची गोळीही. तोच बल्ब पुन्हा पुन्हा, खर्च फक्त सेलांचा.

हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आमच्या घराण्यात आला 1977 साली. आमचे मामा उमरगा तालुक्यातल्या एका गावी शाळेत मास्तर होते. त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून एक जुना जपानी कॅमेरा आणि एक फ्लॅश आणला. फ्लॅश चालू केला की ‘कुंऽई’ असा बारीक आवाज चढत जाई आणि शेवटी तांबडा ठिपका पेटे. गावातली निम्मी माणसं तो आवाज ऐकायलाच येत. सेल मंदावले की मामी ते माळवदावर उन्हात वाळत घालत, कुरडयांशेजारी. उन्हाचा उपयोग फ्लॅशला एवढाच.

मामांचा पहिला धडा होता पळत्या पडद्याचा. अशा कॅमेऱ्यात फिल्मपुढे दोन कापडी पडदे पळतात. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाहून जलद ठेवलं, तर चौकट पूर्ण उघडी असण्याचा क्षणच येत नाही. दोन पडद्यांमधली फट तेवढी सरकत जाते, आणि फ्लॅश तर क्षणार्धात उडून मोकळा होतो. मामांनी शटर ठेवलं अडीचशेवर. सोलापूरहून फोटो धुऊन आले तेव्हा त्यात अर्धी चौकट लख्ख आणि अर्धी काळीकुट्ट. नवरी हजर, नवरा बेपत्ता. मुलीकडच्यांना तो अपशकुन वाटला, मुलाकडच्यांना अपमान. फोटो नसलेला तो नवरा पुढे चाळीस वर्षं संसार करून होता, हे पडद्याच्या शास्त्राला धरूनच झालं.

दुसरा धडा भागाकाराचा. प्रत्येक फ्लॅशचा एक आकडा असतो. मामांच्या फ्लॅशचा आकडा 100 एएसए फिल्मला 20 होता, मीटरमध्ये. माणूस 5 मीटरवर असेल तर 20 भागिले 5, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग 4 वर. अडीच मीटरवर आला तर 8 वर. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला यात अवघड काहीच नाही. अवघड होतं ते अंधारात अंतर मोजणं. मामांनी एका सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारल्या. एक टोक स्वतःच्या गळ्यात आणि दुसरं टोक घेऊन मी नवरीकडे जायचो. ‘मास्तर नवरीला दावं बांधायलेत का?’ असं एका म्हातारबुवांनी विचारलं, पण फोटो बिनचूक येऊ लागले.

बिनचूक म्हणजे पहिल्या रांगेचे. तिसरा धडा इथेच होता आणि तो सगळ्यांत कडू. उजेड अंतराच्या वर्गाने विरळ होतो: दुप्पट अंतर, चौथाई उजेड. लग्नाच्या मोठ्या फोटोत खुर्च्यांवर बसलेली मंडळी दोन मीटरवर आणि मागे बाकावर उभी असलेली चार मीटरवर. भिंग पुढच्यांना लावलं तर मागच्यांच्या वाट्याला पाव हिस्सा उजेड. फोटोत व्याही चुन्यासारखे पांढरे आणि मागचे चुलत घराणे शेगडीतून काढल्यासारखे. जमिनीची वाटणी जितक्या वर्षांत झाली नसेल तितकी भाऊबंदकी मामांच्या एका फोटोने एका दुपारी पेटवली. ‘आम्हाला मुद्दाम काळं काढलं’ म्हणून एक काका वर्षभर बोलले नाहीत. त्यांना वर्गाचा नियम समजावून सांगायला मामा पाटी घेऊन गेले होते. काकांनी पाटी ठेवून घेतली.

पुस्तकांत यावर उपाय दिलेला होता. फ्लॅश माणसांवर रोखूच नका, छताकडे वळवा. पांढऱ्या छतावरून उजेड सगळीकडे सारखा, मऊ झिरपतो. भिंग तेवढं दोन घरं जास्त उघडा, कारण उजेडाला वर जाऊन खाली यायचं असतं. उत्तम उपाय! पण तो लिहिणाऱ्याने मराठवाड्यातलं माळवद पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरांना वर जाड तुळया, त्यांवर लाकडं आणि त्यांवर हातभर पांढरी माती. पांढरं जे काही असतं ते वरच्या अंगाला. खालच्या अंगाला तीन पिढ्यांच्या चुलीचा धूर खाऊन काळं झालेलं लाकूड. मामांनी फ्लॅश वर वळवला आणि माळवदाने तो गिळला, ढेकरसुद्धा दिली नाही. मांडवात तर आणखी मजा. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा मामांनी लाल कनातीवरून उजेड पाडून पाहिला. नवरी लाजून लाल झाल्यासारखी दिसली ते ठीक, पण भटजीही लाजले होते आणि आचारीसुद्धा.

उत्तर शेवटी आजोबांच्या अंगावर सापडलं. पांढरं स्वच्छ, पाच वार, नीळ दिलेलं धोतर. सोप्यात दोन खांबांना ते आडवं बांधायचं, फ्लॅश त्याच्याकडे तोंड करून उडवायचा. परत येणारा उजेड एका ठिपक्यातून न येता अख्ख्या धोतरातून येतो, त्यामुळे सावल्या मऊ होतात आणि पुढच्या-मागच्या रांगांतला फरक कमी होतो. आजोबांनी विचारलं, ‘आणि मी काय नेसू?’ हा प्रश्न कुठल्याच परदेशी पुस्तकात घेतलेला नाही. शेवटी दुसरं धोतर आणलं. आमच्या भागात मास्तर फोटो काढायला निघाले, की लोक ‘कॅमेरा घेतला का’ असं न विचारता ‘धोतर घेतलं का’ असं विचारू लागले.

तुळजाभवानीच्या गोंधळात धोतर चालत नाही. मोकळ्या अंगणात बांधणार कशाला? नुसता फ्लॅश टाकला की गोंधळी काळ्या पोकळीत तरंगल्यासारखे दिसत. संबळ आहे, तुणतुणं आहे, रात्र नाही. मग मामांनी शटर उलट पाव सेकंदापर्यंत संथ केलं आणि कॅमेरा खांबाला टेकवला. फ्लॅशने चेहरा जागच्या जागी थिजला आणि उरलेल्या वेळात दिवटीच्या ज्योतीने हवेत आपली सोनेरी रेघ ओढून घेतली. तो फोटो पाहून वृद्ध गोंधळी म्हणाला, ‘मास्तर, आवाजबी आलाय की ह्यात.’ मामांना त्यानंतर आदर्श शिक्षकाचा पुरस्कार न मिळाल्याचं दुःख राहिलं नाही.

आजीने मात्र कधी फोटो काढू दिला नव्हता. फोटोने आयुष्य कमी होतं ही तिची खात्री, आणि समोरून फ्लॅश उडालेला एकदा पाहिला तेव्हा ‘डोळ्यात इजच घातलीस की रं!’ म्हणून ती उठून गेली होती. धोतराचा उजेड डोळ्यांवर मारत नसे. जात्यापाशी बसली असताना तिला तो नीट जाणवलाही नाही. तिने वर पाहिलं एवढंच.

फ्लॅश कसा वापरावा हे शिकण्यात तो कुठे वापरू नये हेही आलं. अजिंठ्याची चित्रं दीड हजार वर्षांची. तिथे फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. 1991 साली बिनय बहल यांनी तिथली चित्रं मंद नैसर्गिक उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून टिपली. ज्या अंधारात डोळ्यालाही धड दिसत नाही तिथले रंग फिल्मवर उमटले. धीर हाही एक फ्लॅशच. फक्त त्याला सेल लागत नाहीत, म्हणून दुकानात मिळत नाही.

आणि मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. चार वाजायच्या आत किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं आडवी केली. हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माथ्यावर ती माळवदाची हातभर माती. जे उन्हाळ्यात थंडावा देत होतं तेच अंगावर आलं. मामा तेव्हा बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात होते. महिन्याभरात त्यांच्याकडे माणसं येऊ लागली. कुणी काही बोलत नसे. ‘मास्तर, त्या लग्नात आमची माय हुती. मागं उभी हुती,’ एवढंच.

मामांनी निगेटिव्हच्या पिशव्या काढल्या. धोतराच्या आधीच्या वर्षांतले मोठे फोटो होते, त्यांत पुढची रांग ओळखू येई. मागच्या रांगेत निगेटिव्ह कोरी काच झालेली. फिल्मवर जे उमटलंच नाही ते कुठलाही स्टुडिओ धुऊन काढू शकत नाही. धोतराच्या नंतरच्या वर्षांत मात्र मागच्या रांगेतही नाक, डोळे, कुंकू सगळं होतं. मामांनी एकेक चेहरा वेगळा करून मोठा करवून घेतला आणि एकाकडूनही पैसे घेतले नाहीत. ज्या काकांनी पाटी ठेवून घेतली होती तेही आले. त्यांना मोठ्या भावाचा फोटो हवा होता. तो नंतरच्या एका बारशाच्या फोटोत सापडला, अगदी शेवटी, दाराच्या चौकटीला टेकलेला, स्वच्छ दिसणारा.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनला फ्लॅश आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तो दिवा फार तर हाताच्या दोन-चार अंतरावर उजेड टाकतो. पण क्रिकेटच्या मैदानात शेवटच्या पायरीवरून लोक तो फलंदाजावर उडवतात. त्यात पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं सुरेख उजळतं. नवे फोन अंधारात चार-सहा फोटो पटापट घेऊन त्यांचा एक करतात, आणि तो बरा येतोही. यंत्रं सुधारली याचा आनंदच आहे. पण दुप्पट अंतराला चौथाई उजेड हा हिशेब नादारला होता, रीसला होता, मामांना होता आणि तुमच्या फोनलाही आहे. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची काळजी कुणी करावी लागत नाही, त्यांच्यावर उजेड आपोआप पडतो. फोटो काढणाऱ्याने बटण दाबण्याआधी एकदाच मान वाकडी करून मागच्या रांगेकडे बघावं आणि स्वतःलाच विचारावं, काय उजेड पाडला?